शिजवण्याआधीची मूठ

५ मार्च, बुधवार

आजपासून उपवासकाळास प्रारंभ झाला. पहाटेच्या प्रार्थनेस चर्चचे सभागृह निम्मेही भरले नव्हते. पूर्वी या दिवशी उशिरा येणाऱ्यास जिन्यावर बसावे लागे. 'पूर्वी' हा शब्द मी हल्ली वारंवार वापरतो, असे माझी पत्नी ओक-बुन हिचे म्हणणे आहे. माझ्या मते मी तो आवश्यक तेथेच वापरतो.

दुपारी पाळक मिन गृहभेटीस आले. तरुण आहेत, वाक्य अर्ध्यावर सोडून हसण्याची सवय आहे. परंतु मनुष्य प्रामाणिक. त्यांच्या मनात एक योजना आहे. या महिन्याच्या चोविसाव्या दिवसापासून पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, संपूर्ण मंडळीने फोनचा उपवास करावयाचा. स्त्रियांनी शिवलेल्या कापडी पिशवीत प्रत्येकाने आपला फोन घालून तो मंडळीत जमा करावा. निकडीसाठी घरचा तारेचा फोन आहेच. या उपवासाचे मार्गदर्शनपत्र मी लिहावे आणि एका रविवारी त्यावर बोलावे, अशी त्यांची विनंती होती.

"वडील यांग, इतकी शुद्ध भाषा आमच्यात दुसऱ्या कुणाची आहे?" असे ते म्हणाले. मंडळीच्या वडीलपदावरून मी वयोमानानुसार निवृत्त झालो आहे. तरीही ही जबाबदारी स्वीकारली. जन्मभर मुलांना मातृभाषा शिकविली, त्यांचीच मुले आता फोनमध्ये मान घालून रस्ता ओलांडतात. कोणीतरी बोललेच पाहिजे.

पाळक गेल्यावर ओक-बुनने आपले पवित्र शास्त्राचे हस्तलेखन पुढे ओढले. गेली चार वर्षे ती संपूर्ण शास्त्र स्वहस्ते उतरवून काढीत आहे. ज्यांचे लेखन पूर्ण होईल त्यांच्या प्रती बांधून पुनरुत्थानाच्या रविवारी वेदीवर अर्पण करावयाच्या आहेत. ती इब्री लोकांच्या पत्रापर्यंत आली आहे. म्हणजे उरले थोडेच. तिने मला रोज थोडे वाचून दाखवण्यास सांगितले.

"छापलेलं अक्षर मुंग्यांसारखं पळतं हो. तुम्ही वाचलंत तर मी ऐकून लिहीन."

चष्मा बदलावयास हवा, हे मी तिला सांगितले. वाचनाचेही कबूल केले.

७ मार्च, शुक्रवार

माझा सकाळचा क्रम येथे नोंदवून ठेवतो, कारण काही लोकांना वृद्धांचा वेळ रिकामा असतो असे वाटते. प्रार्थनेहून परतल्यावर मी एखाद्या फुलाचे चित्र निवडतो, त्यावर एक वचन सुबक अक्षरांत बसवतो आणि परिचितांना पाठवतो. काहीजण उत्तर देतात. उत्तरात भाषेची चूक असल्यास मी ती खाजगीत त्यांच्या निदर्शनास आणतो. त्यानंतर भाषाविषयक शंकांच्या एका संकेतस्थळावर जमलेले प्रश्न पाहतो. तेथील उत्तरदात्यांत माझे स्थान तिसरे आहे. पहिला एक उद्धट मनुष्य आहे. त्याच्या उत्तरांतील दोष दाखविण्यात बराच वेळ जातो. मग प्रवचनांचे व्हिडिओ, आणि त्यांखाली लोक जे अज्ञान प्रकट करतात त्याला प्रत्युत्तर. हे मी सेवा म्हणूनच करतो.

ओक-बुनने नेत्ररुग्णालयाची वेळ ठरवली का, असे विचारले. हे काम तिने हिवाळ्याच्या तोंडी, किमची घालण्याच्या दिवसांत माझ्याकडे दिले होते, असे ती म्हणते. आता वेळ हातातल्या फोनवरील अर्ज भरूनच ठरवावी लागते. "फोन तुमच्या हातातच असतो, म्हणून म्हटलं," एवढेच ती म्हणाली. उद्या नक्की.

१२ मार्च, बुधवार

मार्गदर्शनपत्रासाठी संशोधन चालू आहे. फोनच्या अतिवापराविषयी फोनवर उपलब्ध असलेली सामग्री अफाट आहे. एका व्हिडिओतून दुसऱ्याकडे जाता जाता आज जेवणाची वेळ टळली.

ओक-बुनने कोवळ्या रानपाल्याचे साधे सूप केले होते. वाढताना ते वाटीच्या शेजारी मेजावर ओतले. आठवड्यात दुसऱ्यांदा. लक्ष कोठे असते, असे मी विचारले. ती पुसत राहिली. वयानुसार एकाग्रता कमी होते. म्हणूनच मनास शिस्त हवी.

रात्रीच्या जेवणानंतर वाचावयाचे ठरले होते. परंतु त्या उद्धट मनुष्याने माझ्या एका उत्तरावर आक्षेप घेतला होता आणि तो तसाच सोडणे योग्य नव्हते.

१६ मार्च, रविवार

आजचे भाषण उत्तम झाले, असे म्हणण्यात अहंकार नसावा. लोकच तसे म्हणाले.

मी आपल्या जुन्या तांदळाच्या पिशवीवर बोललो. आपल्या आया भात टाकण्यापूर्वी, तांदूळ धुण्याच्याही आधी, मापातून एक मूठ काढून दाराजवळच्या पिशवीत टाकीत. रविवारी त्या पिशव्या मंडळीत जमत. त्या तांदळावर पाळकाचे घर चाले आणि गावातील उपाशी घरांची चूलही पेटे. घरात तांदूळ कमी असला तरी मूठ निघेच. मी म्हणालो की ही मूठ शिजवण्याआधी काढावयाची असते. जेवून झाल्यावर भांड्याला लागलेले खरवडून देणे यास अर्पण म्हणत नाहीत. वेळेचेही तसेच. देवाला आणि आपल्या माणसांना आपण दिवसाच्या तळाचे खरवडून देतो, आणि वरचा मोकळा तांदूळ फोनला.

मागच्या बाकांवरील काही तरुण माझे भाषण फोनवर टिपत होते. त्यामुळे ते मला नंतर पाहता आले. तीन वेळा पाहिले. एके ठिकाणी विराम चुकला आहे.

बाहेर पडताना ओक-बुनचा पायरीवरून पाय सरकला. शेजारणीने धरले म्हणून पडली नाही. भाषण कसे वाटले, असे मी बसमध्ये विचारले. "खूप छान बोललात," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

२० मार्च, गुरुवार

उपवासकाळासाठी मी आदर्श वेळापत्रक आखले. प्रार्थना, शास्त्राभ्यास, व्यायाम, पत्रव्यवहार (हाताने), वृत्तपत्र, विश्रांती, बाजार, मनन. ओक-बुनसाठी वाचन रात्रीच्या बातम्यांनंतर, झोपण्याआधी ठेवले आहे. पाळकांनी त्याच्या प्रती काढून सर्वांना वाटल्या.

ओक-बुनने तो कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "मी कुठे आहे यात?" असे तिने विचारले. मी तळाशी बोट ठेवले.

"तोवर मला झोप येते हो," ती म्हणाली.

रुग्णालयाची वेळ घ्यावयाची राहिली. आता फोन जमा होण्यापूर्वी घेतलीच पाहिजे.

२४ मार्च, सोमवार

पहाटे फोन जमा केला. ज्या लाकडी पेटीत पूर्वी जमलेला तांदूळ ठेवीत, तीच पाळकांनी कोठीतून काढून झाडून ठेवली होती. झाकण बंद झाले तेव्हा एका तरुणीने उसासा टाकला आणि सगळे हसले. मी हसलो नाही. मी पिशवीवर माझे नाव नीट लिहिले आहे की नाही, ते पुन्हा पाहिले.

घरी आल्यावर लक्षात आले की रुग्णालयाचे राहूनच गेले.

२६ मार्च, बुधवार

उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलतो. हे हास्यास्पद आहे. न्हाणीघरात, जिन्यात, भाताची वाफ जिरेपर्यंत, हात खिशाकडे जातो. दिवस इतका लांब असतो, हे मी विसरलो होतो. वृत्तपत्र नऊ वाजण्यापूर्वी संपले. त्यातील चुकांवर खुणा केल्या, तरीही दुपार व्हायचे नाव नाही.

माझी चित्रे न मिळाल्यामुळे लोकांना चुकल्यासारखे वाटेल, अशी माझी समजूत होती. मंडळीबाहेरही मी अनेकांना पाठवतो, आणि त्यांना उपवासाविषयी ठाऊक नाही. घरचा फोन एकदाही वाजला नाही. बाजारात पूर्वीचे मुख्याध्यापक भेटले. चित्रांचा विषय मीच काढला. "हो का? येत नाहीत का?" ते म्हणाले.

मन फार खट्टू झाले. वाचन झाले नाही. ती बातम्यांआधीच झोपली होती.

२८ मार्च, शुक्रवार

काही करण्यासारखे नव्हते म्हणून ओक-बुन लिहीत असता समोर बसून राहिलो. ती ज्या रीतीने लिहिते ते मी पूर्वी पाहिले नव्हते. नाक कागदाला टेकेल इतकी वाकते. ओळीखाली एक जाड दोरा चिकटवला आहे. डाव्या हाताची बोटे त्या दोऱ्यावरून पुढे सरकतात आणि लेखणी त्यांच्या मागोमाग जाते. मग भिंग घेऊन छापील पान शोधते, एक शब्द पाहते, भिंग ठेवते, दोरा चाचपते, तो शब्द लिहिते. एक ओळ व्हावयास किती वेळ लागतो, याची मला कल्पना नव्हती. आजही ती इब्री लोकांच्याच पत्रात आहे.

मी वाचू का, असे विचारले. "आत्ता?" ती म्हणाली. "आत्ता बाजाराची वेळ आहे ना तुमची?"

ती टोमणा मारीत नव्हती. वेळापत्रकात तसे होते खरे. मी बाजारात गेलो.

२९ मार्च, शनिवार

भर दुपारी दारावर थापा पडल्या. दार उघडतो तो प्यो उभा. आम्ही एकाच शाळेत होतो. तो व्यायाम शिकवायचा. बायको गेल्यापासून दूर गोहुंगला एकटाच राहतो, युजाची, म्हणजे सुवासिक लिंबांची, बाग आहे. हातात मधात मुरवलेल्या युजाची बरणी, अंगात शेतातलाच कोट. मला पाहून तो जिन्यातच खाली बसला.

"जिवंत आहेस," तो म्हणाला. "अरे मास्तर, मी अंत्यविधीचा काळा टाय खिशात घालून आलोय."

झाले असे होते की माझे चित्र सलग काही दिवस न आल्याने त्याने माझ्या फोनवर फोन केला, तो बंद. घरचा नंबर त्याच्याकडून जुन्या फोनबरोबर गेला होता. तेव्हा सकाळी गाडी पकडून सरळ आला. मला अतिशय बरे वाटले. शेवटच्या चित्रातील वचन त्याला आवडले होते का, असे मी विचारले.

"वचन? अरे, मी तुझं एक चित्र आजवर उघडलेलं नाही. मला काय करायचंय तुझ्या देवाचं? पण सकाळी फोनवर तो लाल ठिपका दिसला की कळायचं, म्हातारा उठला. मग मीही उठायचो."

मी त्याच्या हातची बरणी घेतली आणि त्याला आत बोलावले. 

ओक-बुनने चहा केला. प्यो वहिनी वहिनी करीत तिला हसवीत होता. बोलता बोलता त्याने तिचा कप तिच्या डावीकडे सरकवला. तिचा हात मेजावर उजवीकडे फिरला, समोर फिरला, मग थांबला. त्याने कप उचलून तिच्या हातात दिला आणि युजाचे भाव सांगू लागला.

त्याला पोहोचवावयास खाली गेलो तेव्हा तो फाटकापाशी थांबला.

"वहिनींना डावीकडचं दिसत नाही. केव्हापासून?"

चष्मा बदलावयाचा राहिला आहे, असे मी म्हणालो.

"चष्मा? कप हाताशीच होता, यांग. तुला दिसलं नाही?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "दिवसभर तू बघत काय असतोस रे?"

३१ मार्च, सोमवार

नेत्ररुग्णालयात वेळ न घेता गेलो. दार उघडण्यापूर्वी जाऊन रांगेत बसलो. फोनची गरज पडली नाही.

डॉक्टर स्त्री आहे, मितभाषी. दोन दोष निघाले. मोतीबिंदू आहे, तो शस्त्रक्रियेने जाईल. त्यामागे काचबिंदू आहे, आणि त्याने डाव्या डोळ्याची बरीच नजर आधीच नेली आहे. उजवा चांगला आहे, परंतु त्यालाही सुरुवात झाली आहे.

"गेलेली नजर परत येत नाही, आजोबा," ती म्हणाली. "राहिलेली राखता येते. रोज ठरल्या वेळी औषध. चुकवायचं नाही. त्रास कधीपासून होता?"

मी बोलण्यासाठी तोंड उघडले. ओक-बुन आधी म्हणाली, "हिवाळ्यापासून असेल. माझंच लक्ष नव्हतं."

माझा हात तिच्या कोटाच्या बाहीवर होता. कोटाची बटणे एक घर चुकवून लावलेली होती. सकाळी घरातून निघताना ती तशीच असणार. मी ती सोडवून पुन्हा लावली.

१ एप्रिल, मंगळवार

आज एवढेच लिहितो की मी वेळापत्रक फाडले, आणि त्यात शौर्य असे काही नाही.

२ एप्रिल, बुधवार

पहाटेची प्रार्थना झाल्यावर, भाताचे भांडे चुलीवर चढण्यापूर्वी, वाचावयास बसलो. आधी तिच्या डोळ्यांत औषध घातले. पहिला थेंब गालावर पडला. "डोळा वर आहे," ती म्हणाली.

मी वर्गात वाचावे तसे खणखणीत वाचले. तिने तिसऱ्या वाक्याला थांबवले. "अहो, मी एकटीच आहे. आणि बहिरी नाही." मग मी हळू वाचले. तिने अक्षर मोठे केले, ओळीला चार-पाच शब्द मावतील इतके. मी जाड लेखणी आणून दिली. कागद जास्त लागेल, हे मी बोललो नाही.

९ एप्रिल, बुधवार

याकोबाचे पत्र झाले, पेत्राची झाली. रोज सकाळी वाचतो. एखाद्या दिवशी ती दमते, तेव्हा मध्येच थांबून आम्ही भात टाकतो.

आज याकोबाच्या पत्राविषयी ती म्हणाली की जीभ आवरण्यावरच्या त्या अध्यायात मी आवाज बारीक केला होता. मी नाकारले. ती हसली. तिच्या हसण्यातला हा सूर मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. कदाचित ती हसत असेल, आणि मी दुसरीकडे पाहत असेन.

प्योला रोज सकाळी घरच्या फोनवरून फोन करतो. बोलण्यासारखे काही नसते. "उठलास?" "उठलो." आज त्याने झाडांना पालवी आल्याचे सांगितले.

१३ एप्रिल, रविवार

पाळक मिन यांनी हस्तलेखनाची चौकशी केली. प्रकटीकरण संपूर्ण शिल्लक आहे, आणि प्रती बांधावयास गुरुवारी द्यावयाच्या आहेत. त्यांनी सुचविले की उरलेले अध्याय मंडळीतील भगिनी वाटून घेतील, एका संध्याकाळी होईल. त्यांचा हेतू चांगला होता. यंदा आमच्या घरची प्रत अर्पण होणार, असे मी उपवासकाळाच्या आधीपासून अनेकांना सांगून बसलो आहे, त्यामुळे क्षणभर मलाही ते बरे वाटले.

ओक-बुनने माझ्याकडे पाहिले. म्हणजे उजव्या डोळ्याने पाहता यावे म्हणून मान वळवली. तिला मान वळवावी लागते, हे आता मला कळते.

मी पाळकांना म्हणालो, "नको. तिचं ती लिहील. रविवारी नाही झालं तर नाही."

वाक्य अपूर्ण होते. तसेच सोडले.

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

वेदीवर पाच प्रती ठेवल्या गेल्या. नावे वाचली गेली तेव्हा दोघातिघांनी वळून आमच्याकडे पाहिले. ओक-बुनने प्रत्येक नावाला टाळ्या वाजविल्या. तिची मैत्रीण वेदीकडे जाताना रडली, तेव्हा ओक-बुनही रडली. औषध वाहून जाईल म्हणून मी रुमाल पुढे केला.

उपासनेनंतर लाकडी पेटी उघडली. मी फोन घेतला. घरी येऊन सुरू केल्यावर तो बराच वेळ थरथरत राहिला. त्या संकेतस्थळावर मी आता अकरावा आहे. त्या उद्धट मनुष्याने एका प्रश्नाखाली लिहिले होते: तिसऱ्या क्रमांकाचे गुरुजी बरे आहेत ना? त्याच्या वाक्यात एकही चूक नव्हती. मी बरे असल्याचे कळविले आणि त्यांचे आभार मानले. शंका सोडविण्यासाठी यापुढे आठवड्यातून एक दुपार ठेवली आहे; शनिवारची.

२५ एप्रिल, शुक्रवार

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढण्याचा दिवस पुढील महिन्याच्या मध्यास ठरला. डॉक्टरांनी काचबिंदूचा दाब उतरल्याचे सांगितले. औषध कोण घालते, असे विचारले. "हे घालतात. पहिला थेंब अजून गालावरच असतो," ओक-बुन म्हणाली. डॉक्टर प्रथमच हसली.

स्वर्गीय नगराच्या पायाला लागलेल्या रत्नांची नावे आज लिहून झाली. एवढी रत्ने लागली, तर त्या नगरात सोनारांची सोय कोठे केली असेल, असा प्रश्न तिने विचारला. मी शास्त्रोक्त उत्तर देऊ लागलो, आणि तिला हवे ते उत्तर नव्हे, हे माझ्या लक्षात आले.

२ मे, शुक्रवार

आज सकाळी ओक-बुनने शेवटचा शब्द लिहिला. मग लेखणीचे टोपण शोधून बसवले आणि भात टाकावयास उठली. पाळकांना कळवू का, असे मी विचारले. "जेवून घ्या आधी," ती म्हणाली.

प्योला फोनवर सांगितले. "वहिनींना म्हणावं, माझ्याकडून एक बरणी," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

३ मे, शनिवार

प्रार्थनेहून आल्यावर तिच्या डोळ्यांत औषध घातले आणि सवयीने शास्त्र घेऊन बैठ्या मेजापाशी बसलो. तेव्हा आठवले की लिहावयाचे काही उरले नाही. ओक-बुनही येऊन समोर बसली. तिचे हात मांडीवर मोकळे होते.

"संपलं की," मी म्हणालो.

"मग? वाचा."

"तू लिहिणार नाहीस, तर कशासाठी वाचायचं?"

"ऐकायला. लिहिताना कुठे ऐकू आलं मला? अक्षर खाली घसरतंय का, याच्यातच चार वर्षं गेली."

कोठून वाचू, असे मी विचारले. तिला पहिल्यापासून हवे होते. मी सगळी पाने उलटून मागे गेलो. तिने डोळे मिटले. मी वाचू लागलो: अंधार, पाणी, आणि मग प्रकाश झाला त्या ओळीपर्यंत आलो. तेथे तिने हात किंचित वर केला.

"थांबा जरा."

मी थांबलो. भाताला अजून वेळ होता. ती पुन्हा 'हं' म्हणेपर्यंत मी तिच्याकडे पाहत बसलो.